गव्हाच्या दाण्याएवढी जागा

मित्रांनो, मी एक जुना साझ आहे, म्हणजे तारांचे तुर्की वाद्य. सिवासकडच्या एका डोंगरी गावात, जाफर उस्तांच्या घरी, बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेला असतो. मला पोट आहे, लांब मान आहे, सात तारा आहेत. तोंड तेवढे नाही. इतकी वर्षे त्याचे मला काही वाटले नव्हते, कारण माझ्या वतीने बोलायला जाफर उस्ता होते. आता जे सांगणार आहे ते त्या घरात मी कुणालाच सांगू शकलो नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म अंगणातल्या दोन तुतींपैकी एका झाडातून झाला. एका हिवाळ्यात ते झाड बर्फाच्या ओझ्याने मोडले. जाफर उस्तांची बायको झोहरे हिने त्याचे सरपण होऊ दिले नाही. देवरिमच्या वेळचे डोहाळे मी याच्या तुतीवर भागवले, याला चुलीत घालाल तर खबरदार, असे तिने नवऱ्याला बजावले. उस्ता सुतार होते. त्यांनी बुंधा कोरून कोरून माझे पोट केले आणि मानेवर पडदे बांधले. तुमच्या सतारीला असतात तसेच, पण धातूचे नाहीत, मासेमारीच्या दोऱ्याचे. गाठ सैल केली की हवे तिकडे सरकतात.

झोहरे माझ्यासोबत गायची. गाताना एका जागी तिचा आवाज पडद्याच्या किंचित वर बसायचा. उस्ता म्हणायचे, तू चढतेस. ती म्हणायची, गळा माझा आहे, तुझा दोरा सरकव. महिनाभर हे भांडण चालले. शेवटी उस्तांनी हार मानली आणि नेहमीच्या पडद्याच्या वर, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, आणखी एक पडदा बांधला. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही साझाला तो नव्हता. लोक हसले, पण मला त्याचा अभिमान होता.

पुढे झोहरे गेली. उस्तांनी तिच्यासाठी एक विलापगीत रचले. वर्षातून एकदाच, ती गेली त्या दिवशी, ते मला मांडीवर घेऊन ते वाजवत. गीताच्या शेवटच्या भागात बोट त्या जास्तीच्या पडद्यावर येई आणि तिथे बराच वेळ थांबे. देवरिमने एकदा फोनवर ते उतरवून घ्यायचा प्रयत्न केला, तर उस्तांनी वाजवणे थांबवून फोन पालथा घातला. तुझ्या आईला डबीत कोंडायचं नाही, असे म्हणाले. त्यामुळे ते गीत फक्त दोन ठिकाणी होते. एक उस्तांच्या डोक्यात आणि दुसरे माझ्या मानेवर.

देवरिम जवळच्या लोखंडाच्या खाणीत इंजिनिअर आहे. त्याने एस्टोनियातली मुलगी बायको करून आणली. तिचे नाव मारेत. पहिल्याच दिवशी तिने मोठ्या हौसेने मला भिंतीवरून काढले आणि नीट न्याहाळायला गालिच्यावर आडवे ठेवले. झोहरेची बहीण गुल्दाने मावशी तिथेच बसली होती. ती देवरिमला म्हणाली, "बघ बाबा, ही उद्या तुझं पोर उंबऱ्यावर निजवेल."

मारेतला शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. ती लाल झाली. उस्ता उठले. त्यांनी मला उचलून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तीनदा ओठांना लावले आणि तिच्या मांडीवर ठेवले.

"पोरी, याला जमिनीवर ठेवत नाहीत. दमलीस तर भिंतीला परत दे."

मग तिनेही माझे तीन मुके घेतले, औषधाचे थेंब मोजावेत तसे मोजून. आठ-दहा दिवसांत तिचे मोजणे सुटले.

मारेतचे वडील पियानो जुळवायचे. तिचा कानही असा तयार, की चमचा पडला तरी त्याचा सूर सांगायची. उस्तांना ही मोठी करमणूक झाली. चहाच्या वेळी ते पेला वाजवायचे, किटली वाजवायचे आणि ती सूर सांगायची. माझा पोरगा खाणीतून लोखंड काढतो, पण खरा माल त्याने बाहेरून आणलाय, असे ते गुल्दाने मावशीला ऐकवायचे. दोन हिवाळे त्यांनी तिला शिकवले. तिची भाषा अडखळायची, पण बोटे अडखळेनाशी झाली. झोहरेचे गीत मात्र त्यांनी राखून ठेवले होते. मारेतने ते दोनदा ऐकले होते, तेही बंद दाराआडून, पुसट. तिसऱ्या वर्षी, तुतीची पाने गळायला लागली तेव्हा, त्यांनी तिला अर्धे शिकवले. उरलेले पुढच्या आठवड्यात, असे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते अंगणातच कोसळले. पक्षाघात. उजवी बाजू लुळी पडली. त्यांना शहरातल्या इस्पितळात नेले आणि घर सुने झाले.

आता मित्रांनो, मारेतला दोष देऊ नका. थंडीच्या आत याचे पडदे बदलायला हवेत, झिजलेत, असे उस्ता स्वतःच म्हणत असत. बाबा घरी येईपर्यंत साझ नवा करून ठेवू का, असे तिने देवरिमला विचारले आणि तोही खूश होऊन हो म्हणाला. तिने पुस्तक आणले. त्यात पडद्यांचा तक्ता होता, सगळा बरोबर. ती दोन दिवस खिडकीपाशी बसली. एकेक जुना दोरा कापला. तक्त्यात एक पडदा कमी होता आणि माझ्यावर एक जास्त. चुकून जास्तीचा बांधला गेला असेल, असे वाटून तिने तो सोडून दिला. मग मऊ कागदाने आणि तेलाने माझी मान घासली. वर्षानुवर्षांचा काळा थर निघाला. त्या थरातच दोऱ्यांच्या पांढऱ्या खुणा होत्या. त्याही गेल्या.

खोटे कशाला बोलू, मला छान वाटत होते. एवढ्या मायेने कुणी अंग चोळून दिले नव्हते. शेवटची खूण पुसली गेली तेव्हा मी भानावर आलो. ओरडावेसे वाटले. पण लाकडाने ओरडायचे कसे? गुल्दाने मावशीने सुद्धा येऊन मला पाहिले आणि सुनेने साझ नवरीसारखा सजवला, असे आळीभर सांगत सुटली.

उस्ता घरी आले. वाचा गेली होती. एकच शब्द उरला होता, "नाही". पाव हवा असला तरी हात पुढे करून "नाही" म्हणत, चहा आवडला तरी "नाही". पहिल्यापहिल्यांदा सगळे रडले, मग सवय झाली, मग प्रेमाने हसूही लागले.

मारेतने मला त्यांच्यासमोर आणले, तीनदा ओठांना लावले आणि झोहरेचे गीत वाजवले. अर्धे शिकलेले, अर्धे आठवलेले. शेवटच्या भागात बोट त्या जागी आले आणि मी चुकीचे बोललो. माझ्याच पोटातून तो सूर निघाला, मला अडवता आला नाही. उस्तांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"नाही," ते म्हणाले. "नाही. नाही."

"आवडलं बाबांना," देवरिम डोळे पुसत म्हणाला.

मारेत मात्र सासऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. त्यांचे बोट माझ्या मानेवर टकटक करत होते, एकच जागा दाखवू बघत, पण थरथरत, इंचभर इकडे, इंचभर तिकडे.

"इथे एक पडदा होता," ती म्हणाली. "बाबा, तो मुद्दाम बांधलेला होता का?"

"नाही," उस्ता म्हणाले.

त्याच दिवशी तिने तो पडदा पुन्हा बांधला आणि रोज दुपारी शोध सुरू झाला. ती थोडे सरकवायची, वाजवायची आणि त्यांच्याकडे बघायची. ते "नाही" म्हणायचे. तिने गुल्दाने मावशीला गाऊन दाखवायला सांगितले. मावशीने दोनदा सूर लावला आणि सोडून दिला. बहिणीचा आवाज बहिणीपाशी होता गं, माझ्याकडे कुठला, असे म्हणून ती रडली.

आणि मग एका दुपारी मारेतला ती जागा सापडली.

मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, सापडली. गव्हाच्या दाण्याएवढी वर, तंतोतंत. तार छेडली आणि माझे सगळे अंग आतून भरून आले. उस्तांनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर हसू होते, गालांवर पाणी होते.

"नाही," ते हलकेच म्हणाले.

मारेतने मान खाली घातली आणि पडदा पुढे सरकवला.

त्यानंतर ती जागा पुन्हा सापडली नाही. उस्तांनी नंतर बोट उचलणेही सोडले. वसंतात, तुतीला पालवी फुटली तेव्हा, ते गेले. चाळिसाव्या दिवशी घरी जेवण झाले. माणसे जमली आणि मारेतने मला मांडीवर घेतले. गीत शेवटच्या भागात आले, तिचे बोट त्या जागेपाशी गेले आणि तिने तार छेडलीच नाही. तेवढा वेळ ती गप्प बसून राहिली, मग पुढचे वाजवले.

"चुकलीस का गं?" मावशीने विचारले.

"नाही मावशी. तो सूर माझ्याकडे नाही. म्हणून त्याची जागा ठेवली."

मावशीने तिचा हात हातात घेतला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना टाकू नका, त्यांची काळजी घ्या, असे माझ्यासारखे पुष्कळजण तुम्हाला सांगतील. मला कुणी टाकले नाही. माझी काळजीच घेतली गेली. म्हणून माझे मागणे थोडे वेगळे आहे. जुन्या वस्तूवरचा डाग पुसण्याआधी तो कशाचा आहे हे विचारा, आणि ज्याला ठाऊक आहे तो बोलू शकतो तोवरच विचारा.

आणखी एक. मारेतने त्या पडद्याची गाठ अजून आवळलेली नाही. रोज पुसते, पण आवळत नाही. तुमच्यापैकी कुणी कधी आमच्या गावी आलात तर तिला भेटा. तुम्हाला तोंड आहे. तिला सांगा, त्या दुपारी बाबा हो म्हणाले होते.