पुढची दोन पानं

शीतळा सातमला चूल पेटत नाही. आदल्या दिवशी रांधलेलं थंडच खायचं, म्हणजे बायकांना अख्खा दिवस मोकळा. आणि तापीकाठच्या त्या गावात मोकळ्या दिवशी पत्ते निघायचेच. पूर्वी तीन पत्ती चालायची. दोन वर्षांपूर्वी अनुसयाबाईंची सून यामिनी सुरतेहून पोकर शिकून आली आणि तीन पत्ती पोरखेळ ठरली. सातमची वाट कोण बघणार? दर शनिवारी दुपारी बैठक बसू लागली. पैशांच्या जागी चिंचोके. एक चिंचोका पन्नास रुपयांचा.

पटाईत निघाली ती अनुसयाबाईंची धाकटी जाऊ जसोदाबाई. बावन्नाव्या वर्षी मोबाइलवर बघून बघून तिने शिकून घेतलं होतं, कुठलं पान यायची शक्यता किती आणि त्यासाठी किती लावणं परवडतं. ती फार जिंकायची नाही, पण महिन्याकाठी चार चिंचोके वरच असायचे. झोप मात्र गेली होती. छातीत धडधडायचं. शहाद्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, हृदय ठणठणीत निघालं. मग त्यांनी विचारलं, घरात कसलं टेन्शन आहे का? पत्त्यांचं सांगायची लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "जावयाचं."

जावई ललित, लोणखेड्याला कॉलेजात शिकवणारा, मुंगीलाही वाट देईल असा. पण नवरा, चुनीलालभाई, शेजारच्याच खुर्चीत बसले होते. तेव्हापासून तीन महिने ते ललितला दिवसाआड फोन करून संसारात माणसानं कसं वागावं ते आडून आडून सांगत होते. बिचारा "हो पप्पा" म्हणायचा. आज सातमच्या सुट्टीला तर ते समोरासमोर बोलायला लोणखेड्याला निघणार होते.

जसोदाबाईच्या हातात बदामाची दोन पानं आली. मध्ये उघडलेल्या तिनांतही दोन बदाम. अजून दोन पानं उघडायची होती. त्यांत एक बदाम आला की पाच बदाम जमून डाव बहुतेक तिचा. मध्ये चाळीस चिंचोके जमले होते. यामिनीने पानं टाकून डाव सोडला, अनुसयाबाईंनी आपले उरलेले चाळीस पुढे सरकवले.

जसोदाबाईने मनात मांडलं, आपले चाळीस लावायचे, जिंकलं तर वर ऐंशी. तीन वेळांत एकदा बदाम आला तरी फिटंफाट, आणि तो त्याहून चिमूटभर जास्तच येतो, शंभरात पस्तीस वेळा. मोबाइलमधला माणूस म्हणाला असता, लावा. चिमूट चिमूट साठते, हेही खोटं नव्हतं. पण त्या चिमटीसाठी छातीतलं यंत्र सुरू झालंच होतं.

"बदामनी वाट देखी ऱ्हायनी का?" अनुसयाबाई म्हणाल्या. "खेळनं शे का नही?"

जसोदाबाईने पानं पालथी टाकली. "तुमना डाव, भाभी."

अनुसयाबाईंनी चिंचोके ओढले आणि सवयीने हात गड्डीकडे नेला. डाव सोडला तरी पुढची पानं उघडून काय आलं असतं ते बघायचं, हा त्या बैठकीचा रिवाज. जसोदाबाईला जागवत होता तो हाच. हरलेले डाव ती विसरायची. न खेळलेले रात्रभर उशाशी येऊन बसायचे. तिने तळवा गड्डीवर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, भाभी. बदाम निंघना तरी मन्ही झोप जाई, नही निंघना तरी जाई."

आणि तिने सगळी पानं गोळा करून पिसून टाकली. ती दोन पानं पन्नासांत मिसळली, कुणाला सापडणार नाहीत अशी. अनुसयाबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि यामिनीकडे पाणी मागितलं. डाव त्यांनाही जड जातो, हे जसोदाबाईला दोन वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

तिला एकदम भूक लागली. दह्याशी तीन थंडगार थेपले खाल्ले, चौथा हातात घेऊन ती आपल्या अंगणात गेली. चुनीलालभाई फटफटीला किक मारतच होते. तिने सगळं सांगून टाकलं: डॉक्टर, लाज, पत्ते, ललित.

त्यांनी फटफटी बंद केली.

"मंग तीन महिना मी त्याले काय सांगी ऱ्हायनू?"

"चांगलंच सांगी ऱ्हायनात," ती म्हणाली. "आते थोडं तुम्ही बी ऐका."

ते आधी चिडले, मग हसले. तिने थेपल्यांचा डबा भरून दिला. जायचंच आहे तर खाऊ घेऊन जा आणि तोंड फक्त खायला उघडा, असं बजावलं. मग पंख्याखाली जरा आडवी झाली. शनिवारी खेळायचं की नाही, आणि खेळायचं तर पैशांशिवाय, नुसत्या चिंचोक्यांवर का, याचा विचार तिने सुरूही केला होता.

फटफटीचा आवाज वळणापलीकडे जायच्या आत तिचा डोळा लागला.