नाशी गाईड होऊन आली

पूल वाहून गेला म्हणून ते लोक आमच्या गावात आले. एरवी चिआंग माईचे बाजार बघून डोंगर चढायला निघालेली मंडळी नदीपलीकडच्या करेन लोकांच्या गावात मुक्काम करतात. आमच्या लाहू लोकांच्या वस्तीकडे कोणी वळत नाही. त्या दिवशी सकाळी आमचा मुखिया जाखा जिन्याशी येऊन म्हणाला, "आज आठ पाहुणे आहेत, एक रात्र. तुमचं घर मोठं आहे. आणि नाठो, उद्या खाली उतरताना सामान वाहायला तू ये."

मी हो म्हटलं. आल्याचं पीक अजून जमिनीतच होतं, घरात पैसा नव्हता.

दुपार कलल्यावर ते चढण चढून वर आले. सगळ्यात पुढे त्यांची गाईड होती. डोक्यावर टोपी, गळ्यात ओळखपत्र, ओठांना रंग. ती माझी धाकटी बहीण नाशी होती.

अकराव्या वर्षी आम्ही तिला शहरातल्या वसतिगृहात घातलं होतं. आधी ती प्रत्येक सुट्टीला यायची, मग फक्त नव्या वर्षाला. गेली चार वर्षं नुसता फोन, तोही कधीतरी. मी तिला हाक मारणार तेवढ्यात तिने हात जोडले आणि थाई भाषेत म्हणाली, "नमस्कार ताई. मी प्लॉय. आज आम्ही तुमच्याकडे राहणार आहोत." बोलताना ती माझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघत होती.

आमचं गाव बावीस घरांचं. नाशीला कडेवर घेतलं नाही अशी बाई तिथे नव्हती. सगळ्या बघत राहिल्या, पण कोणी काही बोललं नाही, कारण आई काय म्हणते ते त्यांना बघायचं होतं. आई दारात आली. तिने नाशीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, "मॅडमना पाणी दे. उन्हातून आल्यात."

पाहुणे हातपाय धुवायला गेले, तेव्हा मी नाशीला ओढ्यावर एकटीला गाठलं.

"हे काय नाटक लावलंयस?"

"हळू बोल. दाएंगकाका येईल." दाएंगकाका त्यांचा स्वयंपाकी, कंपनीच्या मालकाच्या घरातला जुना माणूस.

"येऊ दे की."

"ताई, माझं लग्न ठरलंय. मालकांच्या मुलाशी. मी लाम्पांग शहरातली आहे असं त्यांना वाटतं. आईवडील नाहीत असं सांगितलंय मी."

वडील खरोखरच नव्हते. मी विचारलं, "आईला कशानं मारलंस?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "अपघातात. दोघं एकाच मोटरसायकलवर होते."

"बाबांना मोटरसायकल येत नव्हती."

"थट्टा करणार असलीस तर मी जाते."

"थट्टा कसली. मेल्यावर का होईना, तू त्यांना चालवायला शिकवलंस."

तिचे डोळे भरले, पण आवाज कडकच होता. "तू इथे राहिलीस, तुला काय माहीत? वसतिगृहात माझ्या ताटाशेजारी कोणी बसायचं नाही. नाक्यावर पोलीस डोंगरातली म्हणून अख्ख्या बसमधून मला एकटीला उतरवायचे. आता उतरवत नाहीत."

"मग या वाटेला आलीस कशाला?"

"पूल काय मी पाडला?"

दाएंगकाका भांडी घेऊन येताना दिसला, तशी ती उठली आणि मला थाईत म्हणाली, "पाणी छान आहे हं तुमच्याकडचं, ताई."

संध्याकाळी सगळे चुलीभोवती बसले. दाएंगकाकाने शहरातून आणलेल्या नूडल्स शिजवल्या, आईने भात आणि वाटलेली मिरची ठेवली. पाहुण्यांमध्ये हॉलंडची एक उंच म्हातारी होती. तिला आईबद्दल सारखं काहीतरी विचारायचं होतं. नाशी तिचं ऐकायची आणि आईला थाईत विचारायची.

"आजी, त्या विचारतायत, तुम्हाला मुलं किती?"

आई मोडक्या थाईत म्हणाली, "दोन. दोन्ही मुली."

नाशी म्हातारीकडे वळून इंग्रजीत बोलली, आणि बोलता बोलता माझ्याकडे बघून तिने एक बोट वर केलं. मला इंग्रजी येत नाही, पण बोट कळतं. दोन म्हटलं असतं, तर दुसरी कुठे असते हा प्रश्न आला असता. आईनेही ते बोट पाहिलं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हातारीला आणखी भात वाढला.

सकाळी निघण्याआधी त्या म्हातारीने पिशवीतून एक जाकीट काढलं. शहरातल्या बाजारातून लाहू जाकीट म्हणून घेतलेलं. ते अस्सल आहे का, असं तिला आजीकडून ऐकायचं होतं. आईने त्याची कड उलटली, टाक्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "मशीनचं आहे. एका धुण्यात रंग जाईल." मग ती आत गेली आणि पेटीतून दुसरं जाकीट घेऊन आली.

ते तिने नाशीच्या लग्नासाठी शिवलेलं होतं. काळं कापड, त्यावर बोटभर रुंदीच्या लाल-पिवळ्या पट्ट्या, तिच्या स्वतःच्या लग्नातल्या जाकिटाची चांदीची बटणं. तीन पावसाळे ती ते शिवत बसली होती. तिच्या मनात ते फक्त दाखवायचं होतं, असं मला अजून वाटतं. पण म्हातारीने ते उचललं, गालाला लावलं आणि बोटांनी पैशांची खूण करत विचारलं, विकणार का?

नाशीने ते थाईत सांगितलंच नाही. ती आमच्या लाहू भाषेत म्हणाली, "आई, ते नको."

ताटं बांधणारा दाएंगकाका मान वर करून म्हणाला, "अरे, प्लॉय, तुला यांची बोली येते?"

नाशीचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता आई बोलेल. बोलावं असंही वाटलं. आई दाएंगकाकाकडे बघून हसली. "येतात शहरातल्या मॅडम, शिकतात दोन-चार शब्द. बाईमाणसाला आई म्हणायचं, एवढं सगळ्यांनाच येतं." मग तिने नाशीकडे बघितलं. "मॅडम, त्यांना सांगा, चार हजार बाट. आणि सांगा, त्यांच्या अंगात जायचं नाही. बारीक मुलीच्या मापाचं आहे."

नाशीने सांगितलं. तिचा आवाज अजिबात हलला नाही, ती तिच्या कामात हुशार आहे. म्हातारी म्हणाली, अंगात घालायचं नाही, भिंतीवर लावायचं आहे. तिने घासाघीस केली नाही. आईचे दोन्ही हात धरून ती बराच वेळ काहीतरी बोलली. त्याचं नाशीने भाषांतर केलं नाही आणि आईनेही विचारलं नाही.

म्हातारीची पिशवी माझ्याच पाठीवर आली. तीन तास उतरताना ते जाकीट माझ्या पाठीला लागत होतं. नाशी सगळ्यात पुढे चालत होती, पाहुण्यांना झाडांची नावं सांगत होती. त्यातली निम्मी आमच्या बाबांनी तिला शिकवलेली होती. एकदा वळणावर ती थांबली आणि आम्ही दोघीच मागे राहिलो. ती म्हणाली, "ते तिच्याकडून परत घेता येईल का बघते. दुप्पट देईन." मी म्हटलं, "कोणासाठी मागतेस म्हणून सांगशील?" ती टोपी सारखी करून भरभर पुढे निघून गेली.

खाली गाडी उभी होती. पाहुण्यांनी हमालांसाठी बक्षीस गोळा केलं होतं. नाशीने ते पाकिटात घालून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "धन्यवाद, ताई." दाएंगकाका बघत होता. मी पाकीट घेतलं, वाकून हात जोडले. परत वर चढताना दर दहा पावलांनी मला ते ओढ्यात फेकावंसं वाटत होतं. फेकलं नाही. त्या पैशांत आम्ही मीठ, तेल आणि आल्याच्या शेतासाठी खत आणलं.

घरी आले तेव्हा आई पाहुण्यांच्या चटया झाडत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "गाडीत ती पुढे बसली की मागे?"

"पुढे, ड्रायव्हरशेजारी."

"बरं झालं. मागे बसलं की तिला मळमळतं."

पुढच्या महिन्यात पूल झाला आणि मंडळी पुन्हा करेन गावाकडे जाऊ लागली. थंडीत जाखा मिरच्या विकायला शहरात गेला होता, तिथे त्याला भाजी घेताना दाएंगकाका भेटला. लग्न थाटात झालं म्हणाला. वधूच्या हातावर पाणी ओतून आशीर्वाद द्यायला तिच्या बाजूचं वडीलधारं कोणी नव्हतं, म्हणून दाएंगकाकाच्या बायकोला बसवलं. जाखाला वाटलं, आईला हे सांगू नये. मला मात्र तिच्यापासून लपवायचं नव्हतं. मी सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. "ती बाई आहे कशी?" तिने विचारलं.

"मला काय माहीत, मी पाहिलेली नाही."

"जाखाला विचारायला हवं होतंस," आई म्हणाली, आणि त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलली नाही.