रोहिणीच्या आत

आमच्या भाजे गावात घराचं छप्पर कधी बदलावं हे सांगणारा एकच माणूस होता आणि तो दोन वर्षं त्याच छपराखाली उताणा पडून होता.

दत्तोबा, माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं शाकारली. फाल्गुन लागला की घाट उतरून पेण-अलिबागकडं जायचे, कारण त्यांच्या हिशेबानं खाली समुद्रावरचं वारं चैत्रातच फिरतं आणि उघडं घर दिसलं की आत शिरतं. कोकणातली घरं शिमग्याच्या आगेमागे उरकायची. मग वर यायचं आणि मावळातली अक्षय्य तृतीयेनंतर घ्यायची. सकाळी उघडायचं, दुपारी खिंडीतून वारं सुटायच्या आत झाकायचं, आणि रोहिणी नक्षत्र लागायच्या, म्हणजे पंचवीस मेच्या आत शिडी उतरवून ठेवायची. हे सगळं मला पाठ आहे. एकवीस वर्षं त्यांच्या सदऱ्यातली कौलाची भुकटी मीच धुतली.

झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. कान मात्र तिखट राहिले, आणि आमचं सगळं रामायण त्या कानांनीच घडवलं.

लोकांची घरं शाकारणाऱ्याचं स्वतःचं घर दोन वर्षं तसंच राहिलं. वाळवीनं वासे पोखरले. माकडं कौलांवर उड्या मारून जातात, ते वेगळंच. गेल्या आषाढात मधला वासा मोडला आणि चार कौलं आबांच्या उशीपासून हातभर अंतरावर पडली. त्या पावसाळ्यात मी त्यांची खाट चार वेळा हलवली. शेवटी माझ्या नवऱ्यानं, अमृतनं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आणून वर ताणला. तेव्हापासून आबांच्या डोक्यावर गॉगल घातलेला एक अनोळखी माणूस हसत असतो आणि खाली लिहिलेलं असतं, हार्दिक शुभेच्छा. आबा दिवसभर त्याच्याकडं बघत पडून असतात.

पुढच्या आषाढात हे छप्पर टिकणार नाही, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. दिवाळीनंतर करू म्हटलं, तर भात काढणीला आलं आणि गावात हात मिळेना. पौषात तुषारला बोलावलं. तो सोमाटण्याचा, लोखंडी सांगाडा उभारून वर पत्रे टाकून देतो. त्यानं माप घेतलं, मग खाटेकडं बघितलं आणि मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, खाली पेशंट असताना मी वेल्डिंग करणार नाही, एक ठिणगी गादीवर पडली तर मी कुणाला तोंड दाखवू? त्याचं चुकीचं नव्हतं. दोन दिवस आबांना दुसरीकडं हलवा, म्हणाला.

दुसरीकडं म्हणजे कुठं? शेजारच्या शकुबाईंची पडवी एवढी ऐसपैस की तिच्यात आमचं घर बसेल. त्यांच्या लेकाचं लग्न मेमध्ये धरलेलं. नेले असते गं आबांना, म्हणाल्या, पण कार्याचं घर आहे. हळदीच्या घरात म्हातारं माणूस दगावलं तर काय, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. बाकीच्या घरांत लग्न नव्हतं, पण प्रत्येकाजवळ काहीतरी कारण होतंच.

असं करत अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी तुषार गावात कुणाच्या तरी शेडसाठी आलेला, जाता जाता दारात थांबला. शकुबाई पत्रिका द्यायला आलेल्या. मी उंबऱ्यात. तुषार म्हणाला, "मावशी, आबांचं काय ते झालं की फोन करा. दोन दिवसांत करून देतो." शकुबाई म्हणाल्या, "रोहिणीच्या आत सुटले तर बरं. त्यांचंही आणि तुझंही."

दोघंही वाईट बोलले नाहीत. असंच बोलतात. मीही मान हलवली. मला ती मान अजून खुपते.

त्या संध्याकाळी आबांनी पेजेचा चमचा तोंडात घेतला नाही.

मला वाटलं उन्हानं असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चहाचे चार थेंब, पाण्याचे दोन चमचे, बाकी ओठ घट्ट. सकाळी मात्र मला विचारायचे, "रोहिणीला किती दिस?" मी सांगायची. ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, छपराची काळजी करतायत.

कामशेतहून डॉक्टर आले. वय झालं, गिळायची ताकद गेली असेल, म्हणाले, नाकातून नळी घालून बघता येईल. अमृत कंपनीच्या बसला निघाला होता. त्यानं सगळं ऐकलं, बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली आणि बघू म्हणाला. त्याचे वडील आहेत.

आठव्या दिवशी मी आबांच्या जिभेला मध लावला. जीभ पार लाकूड झालेली, ती ओली करावी म्हणून. त्यांनी तो मध गिळला. सहज, घटकन. आणि गिळल्याबरोबर चोरी सापडल्यासारखं माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

मी वाटी खाली ठेवली. "आबा, तुम्हाला गिळता येतंय."

ते वर फ्लेक्सकडं बघत राहिले.

"मग का नाही जेवत?"

त्यांना एक एक शब्द लांबून ओढून आणावा लागतो. म्हणाले, "तेरावा रोहिणीच्या आत झाला पायजे." मग दम घेऊन, "पुढं दोन दिस पत्र्याला."

मी बोटं मोजली. आठ मे. आज-उद्या गेले तर तेरावा वीस-एकवीसला. दोन दिवस तुषारचे. पंचवीसला रोहिणी. दीड-दोन दिवस हाताशीही ठेवलेले, वळवाचा पाऊस आला तर. जन्मात त्यांचा अंदाज एका दिवसानंही चुकला नव्हता, आणि इथंही चुकला नव्हता. मेलं माणूस मरणाचीसुद्धा शाकारणी लावून बसलं होतं.

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. यातलं काहीच केलं नाही. जे सुचलं ते खोटं बोलले.

"तुषारला वेळ नाही आबा. त्यानं पवनानगरला धरणाकाठच्या तंबूवाल्यांचं शेडचं काम घेतलंय, पार मृगापर्यंत. तुम्ही उद्या गेलात तरी छप्पर व्हायचं नाही. फुकट जाल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. या घरात लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझं खोटं त्यांना कळतं. तरी त्यांनी ते खरं धरल्यासारखं केलं.

"मग दुसरा बघ," म्हणाले, आणि ओठ मिटले.

मी चप्पल घातली आणि वरच्या ठाकरवाडीची वाट धरली. तिथं शिदू राहतो. तीस वर्षं आबांच्या खाली उभं राहून त्यानं कौलं वर फेकली, आबांनी ती झेलली. आता गुडघे गेलेत, शनिवार-रविवारी गड बघायला येणाऱ्यांना ताक विकतो. मी त्याच्या दारात बसले आणि सगळं सांगितलं. तेराव्याचंसुद्धा. तो काठीनं माती उकरत राहिला.

"खाली माणूस असताना करता येतं का?" मी विचारलं.

"बाळंतीण असताना केलंय," शिदू म्हणाला. "खाट हितनं तितं सरकवायची, वर तेवढंच उघडायचं. आमच्या येळंला कोन घर रिकामं करून देत व्हतं?"

तीन वर्षं मी शिडी चढलेलो न्हाई, हेही त्यानं सांगितलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वासे मिळाले शकुबाईंकडून. त्यांचं जुनं घर पाडून स्लॅब टाकला तेव्हाचं लाकूड मागं रचून ठेवलेलं होतं, लोणावळ्याच्या कुठल्याशा हॉटेलवाल्याला भिंतीला शोभेचं म्हणून हवं होतं. मी काही मागितलं नाही. फक्त आबा जेवत का नाहीत ते सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि संध्याकाळी त्यांचा नवरदेव मुलगा स्वतः वासे खांद्यावर घालून आणायला लागला.

दहाव्या दिवशी सकाळी शिदू दोन माणसांना घेऊन आला. त्यांना वर धाडून तो स्वतः हळूहळू चढला, प्रत्येक पायरीला देवाचं नाव. मागचं पाखं, म्हणजे मागच्या अंगाचा उतार, त्या दिवशी झालं. मी खाट चुलीकडं ओढली. आबांचे डोळे शिदूच्या हातामागं फिरत होते, पण चमचा नेला की ओठ मिटलेले. अकराव्या दिवशीही तसंच. डोळे खोल गेले होते. कातडीखालून मनगटाचं हाड जसंच्या तसं दिसायला लागलं. वरून नव्या वाशांवर कौलं बसत असल्याचा आवाज येत होता, आणि मला एकच दिसत होतं, की छप्पर होईल आणि त्याच्याखाली खाट रिकामी असेल. मग ते कुणासाठी केलं म्हणून सांगायचं?

बाराव्या दिवशी पुढचं पाखं. खाट मागं, झाकलेल्या बाजूला होती, पण आबांनी डाव्या हातानं खूण केली, पुढं घे. उघड्याखाली. मी नको म्हटलं. त्यांनी परत तीच खूण केली. मी ओढली. पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यावर फ्लेक्स नव्हता. नुसतं ऊन, आणि त्यात शिदूचे धुळीनं भरलेले पाय. फ्लेक्स अंगणात दगडाखाली दाबून ठेवला होता.

अकरा वाजले असतील. शिदूनं आढ्याजवळ कौलांची थप्पी रचून ठेवली होती, हाताशी असावी म्हणून. त्याची पाठ खिंडीकडं होती. मी वाटी घेऊन बसलेली. आबांची नजर अचानक वरच्या आभाळात अडकली. एक वाळलेलं पान आमच्या घरावरून गेलं. मग दुसरं. दोन्ही सकाळच्या वाऱ्याच्या उलट, खिंडीच्या बाजूनं.

त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसती हवा. घसा कोरडा ठणठणीत. परत उघडलं. मला वाटलं, संपलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि वाटीकडं ओढलं.

एक चमचा गेला. ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, तरी तोंड उघडंच. दुसरा गेला. तिसरा.

"शिदू." आवाज फाटका होता, पण वर गेला. "थप्पी खाली घे. वारं आलं."

शिदूनं वळून खिंडीकडं बघितलं आणि दुखरे गुडघे विसरून थप्पीवर आडवा पडला. बरोबरच्या दोघांनी मिळून ती भिंतीकडं सरकवली. तेवढ्यात वारं आलंच. फ्लेक्स दगडाखालून सुटला आणि तो हसरा माणूस शकुबाईंच्या मांडवावर जाऊन बसला. दोन कौलं निसटली, खाटेच्या पायाशी फुटली. मी आबांवर ओणवी झाले होते. खालून ते मला म्हणत होते, "बाजूला हो. दिसना."

त्यानंतर ते दुपारपर्यंत बोलत होते. म्हणजे दर थोड्या वेळानं एक शब्द. त्यासाठी एक एक चमचा लागत होता. रीप वाकडी. चमचा. खालची ओळ आधी. चमचा. शिदू वरून म्हणाला, "दत्तोबा, झोपून काम सांगायला काय जातंय?" आबांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, जो हलतो तो.

डॉक्टर म्हणाले तेही खरं होतं. प्रत्येक तिसऱ्या चमच्याला ठसका लागत होता, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या छातीत घरघर सुरू झाली होती. आषाढ त्यांना दिसेल का, हे मला त्या दिवशीही माहीत नव्हतं.

शिदू शेवटचं कौल घेऊन आढ्याजवळ बसला होता. खाली हातभर उजेडाचा चौकोन आबांच्या छातीवर पडलेला. त्यानं कौल टेकवलं.

"आज नगं," आबा म्हणाले. "वासं रातभर दबू दे. उद्या घाल."

"चाळीस वर्सात असं कदी केलं न्हाई," शिदू म्हणाला.

"उद्या घाल."

शिदूनं माझ्याकडं बघितलं, कौल बाजूला ठेवलं आणि शिडीचा एक एक दांडा चाचपत खाली उतरला. मी पातेल्यात उरलेली पेज उद्यासाठी झाकून ठेवली.