अण्णांचा गज आणि माझी डुलकी

मी एक जुना लॅपटॉप आहे. पण ‘जुना’ म्हणताना आवाज खाली आणू नका, मित्रांनो. माझ्या कळांवरची अक्षरं पुसली गेली आहेत, बिजागरी कुरकुरते, तरीही या घरातलं एकही रेकॉर्डिंग माझ्यावाचून झालेलं नाही. सांगताना माझी छाती फुगते, म्हणजे असती तर नक्की फुगली असती.

कारखान्यात माझ्याबरोबर जन्मलेली भावंडं बहुतेक हिशेब करण्यात नाहीतर पत्ते खेळण्यात गेली. माझं नशीब थोर. मला ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका बाईंनी घरी आणलं. कोपऱ्यातल्या खोलीच्या भिंतींना जाड ब्लँकेटं ठोकून त्यांनी स्टुडिओ थाटला होता. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, खिडकी बंद, आवाज नको म्हणून फ्रिजसुद्धा बंद. मग तो परत चालू करायला हमखास विसरायचं आणि दूध नासलं की एकमेकांकडे बघायचं, ही इथली रीत. “याचा कान भारी तिखट आहे,” असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याबद्दल सांगायच्या.

बाईंचे वडील, अण्णा, जन्मभर व्हायोलिन वाजवत आलेले. अलीकडे तारांवर गज फिरवताना त्यांचा हात थोडा थरथरायला लागला होता. हात चालतोय तोवर त्यांच्या आवडीच्या धुना टिपून ठेवायच्या, असं बापलेकींनी ठरवलं.

नेमकं त्याच सुमारास माझं अपडेट झालं. वीज वाचवायच्या नावाखाली त्यानं माझ्या काही सेटिंग लपवून टाकल्या. काम जरा हलकं झालं की माझं डोकं पेंगायचं आणि दचकून जागं होताना आवाजात ‘चट्’ व्हायचं. अण्णांनी लांब, हळुवार सूर लावला की हटकून! केबल बदलली, माइक बदलला, ‘चट्’ काही जाईना.

“ताई, भंगारात दे हा डबा,” बाईंचा धाकटा भाऊ म्हणाला. मला असा राग आला म्हणता! पण अण्णांचं बोलणं ऐकून तो राग कुठल्या कुठे गेला.

“त्याला कशाला बोल लावतोस?” हेडफोन काढून ठेवत ते म्हणाले. “माझाच गज अडखळतोय. संपलं आता. उद्या हे व्हायोलिन संगीतशाळेत देऊन या.”

ते उठून स्वयंपाकघरात गेले. पाठोपाठ दोघं भावंडंही गेली. मी आतल्या आत तडफडत होतो. एवढे स्पीकर असून मला स्वतःचा एक शब्द बोलता येत नव्हता.

पण त्या गडबडीत रेकॉर्डिंग थांबवायला सगळेच विसरले, फ्रिजसारखं.

बऱ्याच वेळानं बाई परत आल्या. टिपलेलं पुसण्याआधी सवयीनं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. रिकाम्या खोलीतही तेच, ‘चट्, चट्.’

“अण्णा, इकडे या!” त्या ओरडल्याच. “ऐका. इथे तर कुणी वाजवतच नाहीये!”

अण्णांनी हेडफोन लावला. मग खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसत राहिले.

बाईंनी माझ्या विजेच्या सेटिंग उघडल्या. नेहमीच्या ओळी गायब होत्या. त्यांनी आज्ञा टाइप करून एकेक लपलेली ओळ परत आणली आणि चार्जर लावलेला असताना पेंगायचं नाही, असं मला बजावलं. अंगात कशी तरतरी आली म्हणून सांगू!

अण्णांनी गज उचलला. तोच लांब सूर. मी डोळ्यात तेल घालून जागा होतो. एकही ‘चट्’ नाही.

“शेवटी थोडी थरथर आहे गं,” अण्णा ऐकताना म्हणाले.

“आहे ना. पण ती तुमची आहे, अण्णा. ती मी ठेवणार.”

मित्रांनो, यंत्र अडखळलं तर त्याला भंगाराची वाट दाखवण्याआधी त्याच्या सेटिंग एकदा उघडून बघा. आणि घरातलं कुणी स्वतःलाच दोष देत बसलं असेल, तर आधी नीट ऐका, चूक खरंच त्यांची आहे का.

व्हायोलिन अजून या घरातच आहे. तो सूर माझ्या पोटात अख्खा आहे, थरथरीसकट. त्या दिवशीही दूध नासलं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.