जबडा आणि अबोला

थोरलीचं शिवणकामाचं दुकान पंचवीस वर्षं एकाच शिस्तीत चाललं होतं: गिऱ्हाईक आरशासमोर, टेप गळ्यात आणि आठ-दहा टाचण्या दातांत. बाई जात्याच बोलकी, त्यात दिवसभर तोंड मिटून काम. ती सगळी कसर दुपारी फोनवर भरून निघायची. दूरच्या शहरात धाकटी बहीणही शिवणकामच करायची, आणि दोघींच्या गप्पांना अंत नसे.

गेल्या दोन महिन्यांत मात्र त्या फोनला दृष्ट लागली. धाकटी "हं", "बरं", "ठेवते" यापुढे जाईना. इकडे थोरलीचा जबडा ठणकत होता, त्यामुळे तिलाही खोदून विचारवेना. आपलं काय चुकलं, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला. मागे एकदा धाकटीच्या नवऱ्याला आळशी म्हटलं होतं, ते लागलं असेल का? पण तो होताच आळशी, त्यात लपवायचं काय!

एके सकाळी जांभई देताना जबडा कटकन वाजला आणि क्षणभर अडकलाच. घाबरून ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली. बाईंनी आधी गाल दाबले, मग कानशिलं, मग मान आणि खांदे.

"आई गं!" थोरली खुर्चीतच उडाली.

"दात ठणठणीत आहेत. स्नायू दुखावलेत. जबडा बिघडला की मान-खांदेही कुरकुरतात पुष्कळांचे. दिवसभर दातांत काही धरता का?"

"टाचण्या."

बाईंनी कपाळाला हात लावला. "त्या आधी सोडा. ओठ मिटलेले चालतील, दात एकमेकांवर नकोत. गरम शेक घ्या, मऊ जेवा. बरं वाटेल हळूहळू."

रविवारी दार वाजलं. उंबऱ्यात धाकटी, हातात बॅग, चेहरा पडलेला.

"ताई, माझ्यावर रागावलीस?" धाकटीने दारातच विचारलं.

"मी? अगं, तूच तर तुटक बोलतेस!"

"तोंड उघडलं की कळ येते गं. आणि तुझा आवाज असा कोरडा, मग सांगायचा धीरच होईना."

थोरलीने पुढे होऊन बहिणीचा गाल दाबला, आणि लगेच खांदा.

"आई गं!"

"तूसुद्धा टाचण्या दातांतच धरतेस?"

"आईने दुसरीकडे कुठे धरायला शिकवलं आपल्याला?"

दोघी हसत सुटल्या. गाल धरून, कळवळत, पुन्हा हसत. शेजारीण डोकावून गेली तरी यांचं आपलं चालूच.

हसता हसता धाकटीचे डोळे भरून आले. "मला वाटलं, बहीण गमावली मी."

थोरलीने तिला घट्ट मिठी मारली.

"हळू गं, खांदा दुखतोय."

"माझाही," थोरली म्हणाली, पण सोडलं कुणीच नाही.