बोटभर माया

फिटरने प्लायवूडचा तुकडा जमिनीवर ठेवला, त्याच्या मधल्या अंडाकृती भोकात दोन्ही पाय घातले आणि पँट चढवावी तसा तो वर ओढायला लागला. गुडघे आले, मांड्या आल्या. कमरेशी गाडं अडलं.

"श्वास सोडा," शिलाई मशीनवरून मान न उचलता बायको म्हणाली.

"सोडलाय."

"मग आत जे राहिलंय तो श्वास नाही."

रविवारची सकाळ होती. दर रविवारी चहाच्या आधी हा कार्यक्रम व्हायचा आणि दर रविवारी फळी कुठेतरी अडायची. फिटरने ती खाली सोडली, पाय बाहेर काढले आणि फळी भिंतीला टेकवून ठेवली. आता या माणसाने घरातल्या घरात हे काय आरंभलं होतं, ते सांगायला हवं.

तो टॉफीच्या कारखान्यात बॉयलर फिटर होता. साखरेचा पाक ज्या वाफेवर शिजतो ती वाफ देणारा बॉयलर गेली तेवीस वर्षं त्याच्या हाताखाली होता. वर्षातून एकदा बॉयलर थंड करायचा, माथ्यावरच्या अंडाकृती भोकाचं झाकण काढायचं आणि एका माणसाने आत उतरायचं. चिकटलेले क्षार खरवडायचे, आणि आधाराच्या दांड्यांवर हातोडीने ठोकत आवाज ऐकायचा. चांगला दांडा खणखणीत बोलतो. तडा गेलेला बद्द वाजतो. हा फरक कानाला कळायला वर्षं जातात, आणि तो कान त्या कारखान्यात एकट्या फिटरकडे होता.

पण कान आत न्यायचा तर पोटही आत न्यावं लागतं. बॉयलरच्या दाराशीच वेड्यावाकड्या निघालेल्या टॉफ्यांचा डबा असायचा, कामगारांसाठी फुकट. तेवीस वर्षं येता-जाता एकेक तोंडात टाकत फिटर असा काही भरला होता, की मागच्या तपासणीला तो भोकात अर्धा उतरला आणि तिथेच बसला. पाय आत लोंबकळताहेत, डोकं आणि हात बाहेर. खालीही जाईना, वरही येईना. लोकांनी साबणाचं पाणी ओतलं, तेल ओतलं. शेवटी मॅनेजरने घाबरून त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. ती शिडी चढून वर आली आणि त्याच्या डोक्याशी बसून राहिली. छातीवर लोखंडाची कड रुतली होती, अर्धाच श्वास आत जात होता. त्याने तिला हसवायला काहीतरी थट्टा केली. ती हसली नाही. पाऊण तासाने तो निघाला तेव्हा तिने आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मगच ती शिडी उतरली.

त्या दिवसापासून कारखान्यात त्याचं नाव पडलं, बूच.

नावाचं त्याला इतकं वाटलं नाही. मॅनेजरने जे ठरवलं ते मात्र जिव्हारी लागलं. त्या वर्षी त्याच्याऐवजी दुसरा फिटर आत गेला. तो इतका किडकिडीत, की त्याला सगळे काडी म्हणत. काडी दहा मिनिटांत बाहेर आला आणि सगळं ठीक म्हणाला. दहा मिनिटांत सगळे दांडे ऐकून होत नाहीत, हे बूच सांगत राहिला, पण भोकात अडकलेल्या माणसाचं कोण ऐकतं? पुढच्या वर्षीही काडीच जाईल, तुम्ही आता स्टोअर सांभाळा, असं मॅनेजर म्हणाला. बूचने बारा महिन्यांची मुदत मागून घेतली. तपासणीच्या दिवशी भोकातून गेलो तर बॉयलर माझा, नाही तर स्टोअरच्या किल्ल्या द्या.

झाकण बसवण्याआधी त्याने भोकावर कागद पसरून, कडेवर तळवा घासून त्याचा ठसा घेतला. बॉयलर पेटल्यावर वर्षभर ते भोक पाहायला मिळणार नव्हतं. कागद बायकोला दिला. ती शिवणकाम करायची, ठशावरून माप उतरवणं तिच्या हातचा मळ. तिने प्लायवूडवर खडूने आखून दिलं आणि सुताराने कापलं.

मग बूचने व्यायामाला सुरुवात केली, आणि ती सुद्धा हातचं न राखता. सायकल विकून टाकली, कारखान्यात जाता-येता पायी. दुपारच्या सुटीत गोदामाचा जिना दहा वेळा वर-खाली. घामाने शर्ट पिळून काढावा लागायचा. एवढे कष्ट केल्यावर काहीतरी बक्षीस नको का? म्हणून डब्यातल्या दोन टॉफ्या. संध्याकाळी घरी आल्यावर भूक अशी लागायची की भाताचं पातेलं तळापर्यंत रिकामं व्हायचं. दोन महिन्यांनी पँट उलट घट्ट झाली.

चिडून त्याने दुसरं टोक गाठलं. सकाळी चहा, रात्री एक उकडलेलं अंडं, बास. बायकोने वाढलेलं ताट तो सरकवून द्यायचा. तिने समजावलं, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. बाराव्या दिवशी तो बॉयलरच्या शिडीवर चक्कर येऊन घसरला. खाली उभ्या असलेल्या काडीने सावरलं म्हणून तो वाचला. कारखान्याच्या नर्सबाईंनी त्याला झोपवून ठेवलं आणि बायकोला बोलावणं धाडलं. वर्षात दुसऱ्यांदा.

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोने मशीन बंद केलं आणि त्याच्यासमोर बसली.

"तुमच्या बॉयलरची वाफ वापरली नाही आणि कोळसा टाकत राहिलात, तर काय होतं?"

"फुटतो."

"आणि वाफ काढत राहिलात, कोळसा टाकलाच नाही तर?"

"विझतो."

"तेवीस वर्षं दोन्ही सांभाळलंत ना? मग स्वतःच्या वेळी अक्कल कुठे जाते?"

 दुसऱ्या दिवशी त्याने ताट सरकवलं नाही.

नर्सबाईंनी सांगितलं होतं की एका टॉफीचा हिशेब चुकता करायला घरापासून पुलापर्यंत चालावं लागतं. त्याने ते डोक्यात पक्कं केलं. डब्याकडे हात गेला की त्याला तो पूल दिसायचा. भात अर्धा झाला, डाळ आणि भाजी दुप्पट झाली, अंडी दोन झाली. जिना दहाचा पाच वेळा, पण रोज, न चुकता. जास्त चाललेल्या दिवशी बायको अर्धी वाटी भात वाढायची, बसून काम झालेल्या दिवशी काढून घ्यायची. बूच कुरकुरायचा. "किती चाललो ते तुला काय ठाऊक?" म्हणायचा. ती त्याच्या बुटांकडे बघायची आणि वाढायची, आणि तिचा अंदाज कधी चुकायचा नाही.

हळूहळू त्याची हनुवटी दिसायला लागली. शर्टाची बटणं आपणहून लागायला लागली. पट्ट्याला तिने नवीन भोकं पाडून दिली, एक, दोन, मग पाच. जिना चढताना तो आता शीळ घालायचा. फळी मात्र हट्टाला पेटली होती. मांडीवरून कमरेपर्यंत यायला तिला सहा महिने लागले, कमरेवर चढायला आणखी तीन. तपासणीच्या आदल्या रविवारी ती कमरेवरूनही वर आली, पोटाच्या ऐन फुगीर जागी पोहोचली आणि थांबली. त्याने श्वास सोडला. सोडण्यासारखं जे काही होतं ते सगळं सोडलं. फळी हलली नाही.

तो तसाच फळीत उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने लपवलंही नाही.

"काडीला जाऊ दे," तो म्हणाला. "उद्या सांगतो साहेबांना."

"काही सांगायचं नाही. तुम्हीच जायचं."

"अगं, अडकतंय ना इथे. दिसतंय ना तुला?"

"दिसतंय. तरी जायचं."

तिच्या आवाजात इतका ठामपणा होता की त्याने फळी खाली सोडून पाय बाहेर काढले. सोमवारी तो शिडी चढला. खाली मॅनेजर, तपासनीस, काडी आणि निम्मा कारखाना जमला होता. साबणाच्या पाण्याची बादली कुणीतरी आधीच आणून ठेवली होती. बूचने ती पाहिली. मग त्याने कंदील आत सोडला, पाय आत सोडले, कडेवर हात टेकले आणि डोळे मिटून अंग खाली सोडलं.

तो थेट तळाशी जाऊन उभा राहिला.

क्षणभर त्याला कळलंच नाही. तो लढायला निघाला होता आणि समोर कोणी आलंच नव्हतं. वर उजेडाचा अंडाकृती तुकडा, त्यात काडीचा आ वासलेला चेहरा. बूचने भरून श्वास घेतला. पूर्ण. गंजाचा आणि ओल्या क्षारांचा तो वास त्याला दोन वर्षांनी भेटत होता. त्याने बॉयलरच्या पोटाला तळवा लावला आणि मोठ्याने हसला, ते हसू आत घुमत बाहेरच्या लोकांपर्यंत गेलं.

मग तो कामाला लागला. दहा मिनिटं नाही, दीड तास. एकेक दांडा ठोकत, कान देत. खण, खण, खण. मागच्या कोपऱ्यातला चौथा दांडा बद्द बोलला. त्याने क्षार खरवडले, पुन्हा ठोकला. बद्द. त्याने खडूने खूण केली आणि वर आवाज दिला.

तपासनीस स्वतः आत उतरले, भिंगातून पाहिलं, आणि बाहेर येऊन मॅनेजरला बाजूला घेऊन म्हणाले, की हा तडा कालचा नाही, दीड-दोन वर्षांचा आहे. या वर्षी सुटला असता तर पुढच्या वर्षी तपासायला बॉयलर राहिला नसता. मॅनेजर बराच वेळ रुमालाने मान पुसत राहिला. स्टोअरच्या किल्ल्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. काडीने शिडीवरून उतरणाऱ्या बूचला हात दिला आणि खालच्या आवाजात विचारलं, पुढच्या वेळी मलाही आत न्याल का, तो आवाज ऐकायचाय. नाव मात्र बूचच राहिलं. पण त्या दिवशी ते ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळंच वाजत होतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा पूर्ण ऐकलं. मग त्याच्या डोक्यात जे दुपारपासून घोळत होतं ते बाहेर आलं.

"पण मी गेलो कसा? लोखंड काही सैल होत नाही."

ती धागा ओवत होती.

"फळी लहान आहे," ती म्हणाली. "तुमच्या ठशापेक्षा सगळीकडून बोटभर आत आखली मी. महिना झाला तुम्ही खऱ्या मापात बसताय. दुपारी डुलकी घेता तेव्हा टेप लावत होते."

"महिना झाला? मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर टॉफ्या खाल्ल्या असत्यात."

 तो फळीपाशी गेला आणि भोकाच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं.

"आणि समजा, मापाबरहुकूमच आखली असतीस तर?"

"तर बरोबर मापात गेला असतात. कडेला घासत. मी पाहिलंय तुम्हाला त्या कडेत." तिने धाग्याचं टोक दाताने तोडलं. "तेव्हा मी तुमचे श्वास मोजत होते. पुन्हा मोजायचे नव्हते मला."

 तिने समोरचा सदरा उलटा केला आणि शिवणीच्या आतलं जादा कापड बोटाने सपाट केलं.

"आम्ही शिवताना माया ठेवतोच," ती म्हणाली. "माणूस काही कायम एकाच मापात राहत नाही."

आणि तिने मशीन सुरू केलं.