आरशावर न उमटलेली वाफ

रुग्णालयाच्या फाटकापासून निघालेली रांग थेट औषधांच्या दुकानापर्यंत पोचली होती. कडक थंडीची सकाळ होती. भेटीची वेळ अकराची, पण लोक साडेनऊपासून उभे होते. ही रांग भेटीची नव्हती, आरशाची होती.

फाटकाच्या खांबाला टेकवलेल्या खुर्चीत आरसेबाबा बसले होते. अंगात पांढराशुभ्र सदरा, हातात ताटलीएवढा गोल आरसा आणि दोन खिशांत दोन रुमाल. माणूस पुढे आला की बाबा आरसा पुसत, त्याच्या तोंडासमोर धरत आणि गरजत, "सोड श्वास! पोटातलं, मनातलं, सगळं सोड!"

माणूस "हाऽऽ" करी. एवढ्या गारठ्यातही आरसा लख्खच राही.

"निर्मळ!" बाबा म्हणत. "निर्मळ!" रांग म्हणे. "जा बेटा, तुझ्या श्वासात रोग नाही. तोंडाला फडकं बांधून देवाची हवा कशाला अडवतोस?" मग तो माणूस मास्क खिशात कोंबून आत जाई.

कधी कधी मात्र एखाद्याच्या श्वासाने आरसा धुरकटून जाई. लगेच मागची माणसं दोन पावलं सरकत. "मळका! उद्या ये. आज पश्चात्ताप कर."

बाबांना उलट प्रश्न विचारणाऱ्याचाच श्वास नेमका मळका निघतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. चाळीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं. तरी, काळजीने अर्धमेल्या झालेल्या लोकांशी भर रस्त्यात कशाला हुज्जत घालायची, असा विचार करून मी मास्क नाकावर चढवला आणि बाजूने आत गेलो. तो गप्पपणा अजून मला टोचतो.

दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या सहा नंबरच्या खाटेवर माझी आक्का होती. माझी थोरली बहीण, वय शहात्तर. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया नीट झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, "आता फक्त दुसरं काही दुखणं यायला नको. छाती नाजूक आहे त्यांची."

शहरात खोकल्याची साथ होती. फाटकावर रुग्णालयाची पाटीही होती: एका रुग्णाला एकच भेटणारा, मास्क हवाच, सर्दी-खोकला-ताप असेल तर घरी थांबा. आधी वॉचमन प्रत्येकाला हटकून विचारायचा. आरसा आला आणि त्याने विचारणंच सोडून दिलं.

"बाबा तपासतात की, गुरुजी. मी काय डॉक्टर आहे?"

"मग बाबा डॉक्टर आहेत का?"

तो हसला, आणि तोंड फिरवून बराच वेळ खोकला.

सोमवारी वॉर्डातल्या दाराजवळच्या खाटेवर खोकला सुरू झाला. बुधवारी त्याच खाटेच्या समोरच्या खाटेवर. मी आक्काशी बोलत असे, पण कान त्या आवाजाकडे लागलेला असे. कोरडा, खोल आवाज. रोज एक खाट अलीकडे आल्यासारखा वाटे.

गुरुवारी भाचा आला. आक्काचा एकुलता एक मुलगा, बेकरीत भट्टीवर कामाला. पहाटेची पाळी संपवून थेट आलेला, भुवयांवर अजून मैदा होता आणि तोंडावर मास्क नव्हता.

"मामा, निर्मळ निघालो!"

"आवाज का बसलाय रे तुझा?" आक्काने विचारलं.

"मैद्याची धूळ गं आई. भट्टीवर हे रोजचंच."

"मास्क घाल," मी म्हटलं.

"तुम्ही पण ना मामा! शाळा सुटली तरी छडी सुटली नाही. आरसा खोटं बोलतो का?"

"राहू दे रे," आक्का मला म्हणाली. "किती दिवसांनी त्याचा चेहरा दिसतोय."

भाच्याने तिच्या गालाला गाल लावला. तासभर जवळ बसून चमच्याने सूप पाजलं. मध्ये दोनदा खोकला. मी त्याला हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं. मी खिडकी उघडली, एवढंच.

शनिवारी भाचा घरी तापाने फणफणला होता. रविवारी पहाटे आक्काला ताप चढला. भेटीच्या वेळेपर्यंत तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली.

वॉर्डच्या सिस्टर जाड भिंगाचा चष्मा लावत. आक्काचा तक्ता पाहून त्या माझ्याकडे वळल्या. "ही चौथी खाट, काका. इतक्या लोकांना मास्कशिवाय आत सोडतंय कोण?"

मी आरशाचं सांगितलं. त्यांनी तक्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

खाली रांग होतीच. सिस्टर थेट पुढे गेल्या. "बाबा, माझाही श्वास बघा."

गणवेश पाहून बाबा खुलले. उजव्या खिशातला रुमाल काढून त्यांनी आरसा पुसला. सिस्टरनी मास्क खाली केला. "हाऽऽ." आरसा लख्ख.

"निर्मळ! बघा लोकहो, रुग्णसेविकेनेही..."

"तो रुमाल द्या जरा." बाबांनी मूठ आवळायच्या आत सिस्टरनी तो ओढून घेतला आणि हुंगला. "लिंबाच्या वासाचा साबण. आम्ही पण हेच करतो, बाबा. मास्क घातला की चष्म्यावर वाफ येते. सुई टोचायची, सलाइन लावायचं, दर मिनिटाला चष्मा कोण पुसणार? म्हणून काचेला साबणाचा हात फिरवायचा. मग वाफ धरत नाही."

"पाखंड!" बाबा ओरडले. "हा रुमाल पवित्र आहे!"

"असू दे. वॉचमनदादा, इकडे या." सिस्टरनी त्याच्या कपाळाला हात लावला. "अंग भाजतंय तुमचं! सोडा श्वास."

सिस्टरनी बाबांच्या हातातला आरसा घेऊन पुढे धरला आणि खोकून खोकून लाल झालेल्या वॉचमनने श्वास सोडला. आरसा लख्ख.

"हा माणूस निर्मळ?" सिस्टरनी रांगेला विचारलं. त्यांनी एकाच्या बाटलीतलं पाणी घेऊन आरसा खळखळून धुतला, खिशातल्या कोऱ्या कापसाने कोरडा केला आणि बाबांच्याच तोंडासमोर धरला. बाबांनी ओठ मिटून घेतले. पण नाकाला कोण थोपवणार! आरशाच्या मधोमध दोन पांढरे डाग उमटले.

आईच्या कडेवरची एक चिमुरडी ओरडली, "बाबा मळके!"

"श्रद्धा नसेल तिथे आरसा चालत नाही," बाबा पुटपुटले.

"आत्ता चालला की!" मागून कोणीतरी म्हणालं.

मग मला वाचा फुटली. वर्गात सांगायचो तसंच सावकाश सांगितलं. आपला श्वास उबदार आणि ओलसर असतो. गार काचेवर त्याचे बारीक थेंब जमतात आणि काच धुरकट दिसते. साबण असला की थेंब न होता पाण्याचा पातळ थर पसरतो, त्यातून आरपार दिसतं. डाव्या खिशातला रुमाल साधा, उजव्यातला साबणाचा. कोणाला कुठला, ते बाबा ठरवणार. रोगाचे जंतू इतके सूक्ष्म, की ते कुठल्याच आरशात दिसत नाहीत.

बाबा खुर्ची तिथेच टाकून निघून गेले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. वरच्या उघड्या खिडकीतून खोकल्याचा आवाज येत होता, आणि रांगेतला प्रत्येकजण मनातल्या मनात मोजत होता, आपण कोणाच्या किती जवळ बसलो होतो ते.

आक्का एकोणीस दिवसांनी घरी आली. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की अजून धाप लागते. बुधवारी खोकू लागलेली, दाराजवळच्या खाटेसमोरची बाई मात्र घरी गेली नाही.

भाच्याने एकदा विचारलं, "मामा, मीच नेला का तो आजार आत?"

मी खोटा धीर दिला नाही. "माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही. तुला त्या दिवशी वाटलं मैदा आहे. वॉचमनला वाटलं, बाबांनी पाहिलंय. मला वाटलं, मध्ये कशाला पडा."

मुलांनो आणि आईबाबांनो, रुग्णालयात आपलं माणूस असलं की जीव ओढ घेतो, आणि त्याने ती घ्यावीच. पण घसा खवखवत असेल तर घरी थांबा आणि फोनवर बोला. बरं वाटत असलं तरी आत नाकतोंड झाकणारा मास्क घाला, कारण लक्षणं दिसण्याआधीही माणूस रोग पसरवू शकतो. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा. गर्दी करू नका, थोडा वेळच बसा. आणि कोणी तुमच्या माणसाजवळ खोकत बसलं असेल, तर ते कितीही जवळचं असो, त्याला उठवा. त्याला राग येईल. येऊ दे. राग चार दिवसांत जातो.